खरी हॉट हॅच ओळखायची कशी? बॅज सोडून बाकी काय पाहावं

काळा_बंपर

नमस्कार मंडळी,

७०, ८० आणि ९० च्या दशकांतल्या वेगवान छोट्या हॅचबॅक हा या धाग्याचा विषय. मेळाव्यात, रस्त्याकडेला किंवा जुन्या फोटोत गाडी दिसली की 'ही गोल्फ', 'ही पेजो २०५' इतपत लगेच सांगता येतं. गाडं अडतं ते पुढे. ही मुळात जीटीआय (म्हणजे वेगवान आवृत्ती) म्हणून कारखान्यातून निघालेली गाडी आहे, की साध्या गाडीला लाल पट्टी आणि बॅज चिकटवलाय? एकाच गाडीचं सुरुवातीचं साल आणि शेवटचं साल वेगळं कसं ओळखायचं?

विचारायचं ते असं:

फक्त बाहेरून, हात न लावता, नजर कुठे टाकायची? मालकाने बॉनेट उघडून दाखवलं तर काय पाहायचं? कुठल्या गाडीचं नेहमीचं दुखणं काय, आणि ते का होतं? आणि एक जुना वाद: पहिली हॉट हॅच गोल्फच की तिच्या आधी कुणी होतं?

गोल्फ, २०५, रेनॉ ५ यांवर भर असला तरी चालेल. माहिती नेमकी असावी एवढीच विनंती.

---

गंजशोधक

चांगला धागा. आधी एक सूत्र सांगतो, मग गोल्फवर येतो.

बॅज, लाल पट्टी, स्टिअरिंग, सीटची कव्हरं या गोष्टी तासाभरात बदलता येतात, म्हणून त्या शेवटी पाहायच्या. बदलायला महाग आणि किचकट असतं ते आधी पाहायचं: ब्रेक, चाकांचे बोल्ट किती, मागचा अॅक्सल, इंधनाची यंत्रणा, चासिस नंबर. नकली गाडी बनवणारा पैसे वाचवतो तो नेमका इथे.

गोल्फ पहिली पिढी. जीटीआय १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दाखवली आणि १९७६ च्या जूनपासून विकायला आली. कंपनीचा अंदाज होता की ५,००० गाड्या खपल्या तरी पुरे. इंजिन १५८८ सीसी, बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन, ११० पीएस (अश्वशक्ती), आणि गाडीचं वजन ८१० किलोच्या आसपास. खरी जादू या शेवटच्या आकड्यात आहे. गिअर आधी चार, १९७९ पासून पाच. १९८२ मध्ये इंजिन १७८१ सीसी झालं. ताकद वाढली फक्त २ पीएस, पण खालच्या आरपीएमला ओढ बरीच सुधारली, आणि चालवायला हीच जास्त सोपी.

बाहेरून साल ओळखायचं तर मागचे दिवे पाहा. १९८० च्या उन्हाळ्यापर्यंत ते लहान होते, नंतर रुंद झाले. डॅशबोर्डही त्याच वेळी बदलला. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर बारीक आणि पत्र्याचे, नंतरचे जाड काळे प्लॅस्टिकचे. चाकांच्या कमानींवर काळी प्लॅस्टिकची किनार, मागच्या काचेभोवती काळा रंग, पुढे खाली हनुवटीसारखा स्पॉयलर आणि जाळीभोवती लाल चौकट ही जीटीआयची ठेवण, पण हे सगळं साध्या गाडीलाही लागतं. चौकडीची सीट आणि गोल्फच्या चेंडूचा गिअर नॉब या गुनहिल्ड लिलयेक्विस्ट यांच्या कल्पना. नॉब आज नवा विकत मिळतो, त्यामुळे पुरावा म्हणून त्याला काही किंमत नाही. मूळ कापड मात्र मिळणं कठीण. सीटच्या बाजूची शिवण आणि उन्हाने उडालेला रंग दारांच्या आतल्या भागाशी जुळतो का ते पाहावं.

चाकांच्या फटीतून पुढची डिस्क दिसते. खऱ्या जीटीआयला ती दोन थरांची, मधे हवा खेळायला जागा असलेली, २३९ मिमी व्यासाची. बहुतेक साध्या गोल्फना एकाच थराची पातळ डिस्क असायची. मागे पहिल्या पिढीत ड्रमच, त्यामुळे मागे डिस्क दिसली तर ती नंतर कुणीतरी बसवलेली. तो दोष नव्हे, पण मूळ नाही हे टिपून ठेवावं.

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला पेट्रोल वाटून देणारा लोखंडी वितरक दिसतो. त्याच्यातून चार वेगळ्या नळ्या चार इंजेक्टरकडे जातात. हे के-जेट्रॉनिक. साध्या कार्ब्युरेटरच्या गाडीवरून जीटीआय बनवलेली असेल तर खाली वाकून मागच्या उजव्या चाकाच्या पुढे पाहा. तिथे विजेवर चालणारा फ्युएल पंप आणि त्याचा अॅक्युम्युलेटर (दाब धरून ठेवणारा डबा) असायला हवा. इंजिनावरची अक्षरं १६०० साठी ईजी, १८०० साठी डीएक्स.

चासिस नंबर: १९८० पर्यंतच्या गाड्यांना १० आकडी, त्यात १७ म्हणजे गोल्फ आणि तिसरा आकडा सालाचा शेवटचा. १७६ ने सुरुवात झाली तर १९७६ चं मॉडेल. त्यानंतर १७ खुणांचा नंबर आला. त्यात सातव्या-आठव्या जागी १७ हा पहिल्या पिढीचा, १९ हा दुसऱ्या पिढीचा, आणि दहावं अक्षर मॉडेल-सालाचं: डी म्हणजे १९८३, ई म्हणजे १९८४. मात्र या नंबरवरून 'जीटीआय' हे सिद्ध होत नाही, फक्त साल आणि पिढी कळते. जीटीआयपण सिद्ध करायचं तर नंबरच्या पाटीसोबत डिस्क, पंप आणि इंजिनाची अक्षरं एकमेकांशी जुळली पाहिजेत.

दुखणी. गंज सगळ्यात आधी पेट्रोल भरायच्या नळीच्या मुळाशी धरतो. मागच्या चाकाने उडवलेला चिखल तिथे साचतो. नळीला आतून गंज धरला की कण टाकीत जातात, तिथून फिल्टर, आणि शेवटी वितरकात अडकतात. गाडी चढावर अडखळते, आणि मेकॅनिक इग्निशन तपासत बसतो. दुसरी जागा पुढच्या काचेखालचा पत्रा. तिथून पाणी थेट फ्यूजच्या पेटीवर टपकतं. मग दिवे, वायपर, पंप एकामागून एक विचित्र वागायला लागतात. तिसरी जागा जॅक लावायच्या खाचा आणि त्यांना लागून असलेली खालची पट्टी.

के-जेट्रॉनिकबद्दल लोक उगाच घाबरतात. तिचं सगळं काम दाबावर आहे. दाबमापक लावा: मुख्य दाब ४.७ ते ५.४ बार, आणि इंजिन गरम झाल्यावर नियंत्रण दाब ३.४ ते ३.८ बार हवा. गार असताना सुरू होते पण गरम असताना होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा अॅक्युम्युलेटर किंवा पंपाच्या झडपेची. इंजिन बंद केल्यावर दाब धरून राहत नाही, नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. बंद केल्यावर दहा मिनिटांत दाब साधारण १.८ बारच्या खाली गेला तर तिथे शोधा. इंजिन आयडलला डचमळत असेल तर हवा मोजणाऱ्या पाट्यानंतरच्या प्रत्येक रबरी नळीला भेग आहे का ते पाहा. पाट्याने न मोजलेली हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं. ३ मिमीच्या अॅलन पान्याने मिश्रण घट्ट करून ही गळती झाकणं हा चुकीचा इलाज. आधी गळती बंद करायची, मग पान्याला हात लावायचा.

---

पाचवा_गिअर

'पहिली कोण' याचं उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. मिनी कूपर एस १९६३ ची, पण तिला मागे वर उघडणारं दार नाही, म्हणून ती हॅच नव्हे. ऑटोबियांकी ए११२ अबार्थ १९७१ ची, ९८२ सीसी, ५८ पीएस. सिमका ११०० टीआय १९७३ ची, १२९४ सीसी, ८२ पीएस. रेनॉ ५ अल्पिन तर गोल्फच्याच वर्षी, १९७६ मध्ये आली: १३९७ सीसी, ९३ पीएस. ब्रिटनमध्ये अल्पिन हे नाव आधीच क्रायस्लरकडे असल्यामुळे ती गोर्दिनी नावाने विकली गेली. तेव्हा पाटीवर गोर्दिनी दिसली तर वेगळी गाडी समजू नका.

तरीही गोल्फला मान मिळतो तो रास्त आहे असं माझं मत. आधीच्या गाड्या वेगवान होत्या, पण रोज ऑफिसला नेऊन, सामान भरून, थंडीत पहिल्या चावीला सुरू होऊन वर १८० च्या पुढे धावणारी गाडी गोल्फ होती. इंजेक्शनमुळे ते जमलं.

---

टॉर्शनबार

२०५ जीटीआयवर लिहितो. सगळ्यात जास्त गोंधळ १.६ आणि १.९ यांच्यात होतो, आणि सगळ्यात जास्त पैसा मागच्या अॅक्सलवर जातो.

१.६ आली १९८४ मध्ये, १५८० सीसी, १०५ पीएस. १९८६ मध्ये मोठे व्हॉल्व्ह देऊन ती ११५ पीएसवर नेली. त्याच वर्षाच्या शेवटी १.९ आली: १९०५ सीसी, १३० पीएस. दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमीच, फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा), ७३ विरुद्ध ८८ मिमी. म्हणूनच १.६ वरती फिरायला उत्सुक आणि १.९ खालून ओढणारी. वळणावळणाच्या रस्त्यावर १.६ जास्त गोड वाटते असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचं चुकत नाही.

बाहेरून: १.९ ला १५ इंची स्पीडलाइन चाकं आणि मागेही डिस्क. १.६ ला १४ इंची चाकं आणि मागे ड्रम. १.९ ची चाकं १.६ वर सहज बसतात, म्हणून चाकांवर न थांबता त्यांच्या फटीतून मागे पाहा. १.९ लिहिलेल्या गाडीला मागे ड्रम दिसला की पुढचे प्रश्न विचारायला सुरुवात करावी. काच खाली असेल तर गिअर नॉब बघा. रिव्हर्स पहिल्याच्या डावीकडे पुढे असेल तर जुना बीई१ गिअरबॉक्स, पाचव्याच्या खाली मागे असेल तर १९८९ पासूनचा बीई३. इंजिनाची अक्षरं १०५ पीएसला १८०ए, ११५ ला बी६डी, १३० ला डी६बी, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या १२२ पीएसच्या १.९ ला डीकेझेड. नंतरच्या गाड्यांच्या चासिस नंबरात तीन दारांच्या १.६ ला २०सीबी६ आणि १.९ ला २०सीडी६ दिसतं. इथे मात्र नंबर आवृत्ती थेट सांगतो.

आता मागचा अॅक्सल. गाडी सपाट जागेवर उभी असताना चार-पाच पावलं मागे जा आणि मागून बघा. दोन्ही चाकं उभी, फार तर अगदी किंचित आत झुकलेली हवीत. वरची टोकं डोळ्याला जाणवेल इतकी आत कललेली दिसली की बेअरिंग गेलं. कारण असं: मागचा प्रत्येक हात एका आडव्या शाफ्टभोवती सुईच्या बेअरिंगवर फिरतो. बाहेरचं रबरी सील कडक होऊन चिरतं, पाणी आत जातं, ग्रीस धुपतं, सुया गंजतात आणि मग शाफ्टमध्येच चर पाडतात. हात तिरका होतो आणि टायर आतल्या कडेला झिजतो. शेवटच्या टप्प्यात टायर आत बॉडीला घासतो.

लवकर पकडायचं असेल तर मागचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. करकर आवाज, ढिलाई किंवा सीलपाशी तांबूस ग्रीस दिसलं तर अॅक्सल उघडायची वेळ झाली. नुसती बेअरिंगं बदलू नका. शाफ्टवर नख फिरवून बघा, चर लागला तर शाफ्टही नवा. चर पडलेल्या शाफ्टवर नवं बेअरिंग घातलं तर ते फार टिकत नाही. टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) काढण्याआधी दोन्ही टोकांना पक्की खूण करायची आणि गाडीची उंची मोजून लिहून ठेवायची, कारण दातांच्या एका घरानेही उंची बदलते. बार दातांत गंजून घट्ट बसलेले असतात. दोन दिवस आधीपासून गंजनाशक तेल सोडत राहिलं तर निघतात, हातोडीने दात मोडतात.

या इंजिनांना आणखी एक सवय आहे. लांब वळणात तेल सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. तेल नेहमी वरच्या खुणेवर ठेवायचं, मधल्या नव्हे. वेगाने वळताना तेलाचा दिवा लुकलुकला तर सेन्सर बदलायच्या आधी पातळी पाहा.

---

काळा_बंपर

गंजशोधक, टॉर्शनबार, फार उपयोगी. दोन उपप्रश्न.

एक: काचेवर कोरलेले आकडे आणि ठिपके पाहून गाडीचं साल कळतं म्हणतात, ते कसं?

दोन: रेनॉ ५ जीटी टर्बो गरम झाली की सुरूच होत नाही अशी तिची ख्याती आहे. तिथेही दाबच कारण?

---

सोलेक्स३२

दुसऱ्याचं उत्तर देतो. दाब नव्हे, उष्णता.

जीटी टर्बो १९८५ ची, १३९७ सीसी, ११५ पीएस. १९८७ च्या दुसऱ्या टप्प्यात १२० पीएस आणि पाण्याने थंड होणारा टर्बो. इंजेक्शन नाही, सोलेक्स कार्ब्युरेटर, आणि टर्बो त्या कार्ब्युरेटरमध्ये हवा ढकलतो. पलीकडे इंजिन अगदी जुन्या धाटणीचं, पुशरॉडचं. टर्बो, एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर सगळं हातभर जागेत. गाडी थांबवली की वारा बंद, टर्बोची धग वर चढते, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये ओघळतं. दहा मिनिटांनी चावी फिरवली की इंजिन बुडालेलं.

तात्पुरता उपाय: अॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर फिरवा. उघड्या थ्रॉटलमधून जादा पेट्रोल निघून जातं. कायमचा उपाय: इंजिन बंद झाल्यावरही पंखा चालतो का हे आधी तपासा, कारण त्याचा स्विच किंवा रिले गेलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एक्झॉस्टवरची उष्णतारोधक पत्र्याची ढाल जागेवर आहे का ते पाहा. रेसिंगच्या नादात ती काढून टाकलेली असते. पेट्रोलच्या नळ्या इंजिनापासून दूर वळवून त्यांना उष्णतारोधक आवरण घाला. आणि लांब पल्ल्यानंतर लगेच चावी बंद न करता एक-दोन मिनिटं आयडलला सोडा. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेलही त्यामुळे जळत नाही.

खरा घातक प्रकार वेगळाच. बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब) साधारण ०.७ बार असतो. स्वस्तात ताकद म्हणून एक झडप बसवून तो १ बारवर नेतात. हवा वाढते, पण जेट तोच. मिश्रण पातळ, मग नॉकिंग, आधी हेड गॅसकेट जातं आणि नंतर पिस्टनच्या रिंगांमधली जागा तुटते. कार्ब्युरेटरमध्ये दाबाची हवा असल्यामुळे पेट्रोलचा दाब बूस्टपेक्षा कायम ०.२ ते ०.३ बारने वर राहायला हवा. रेग्युलेटरकडे जाणारी बारीक नळी चिरली तर ऐन ओढीत पेट्रोल येणं थांबतं. ती नळी दर सर्व्हिसला बदलावी, इतकी स्वस्त आहे.

हेड उघडणाऱ्यांसाठी: या इंजिनाचे लाइनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) सुटे, पाण्यात उभे. हेड काढल्यावर ते दाबून ठेवायच्या पट्ट्या लगेच लावा. क्रँक फिरवला आणि लाइनर उचलला गेला तर त्याच्या तळाचं सील हलतं आणि पाणी तेलात उतरतं. नवीन गॅसकेट घालण्याआधी चारही लाइनर ब्लॉकच्या वर सारखे आणि किंचित डोकावतात का हे डायल गेजने मोजा. एक जरी खाली बसला असेल तर गॅसकेट पुन्हा त्याच सिलिंडरपाशी फुटेल.

साधी ५ आणि जीटी टर्बो यांत घोळ होऊ नये, पण १९८० ची रेनॉ ५ टर्बो ही तिसरीच गाडी. तिचं इंजिन मागच्या सीटच्या जागी, १६० पीएस, मागचा भाग जवळजवळ चौकोनी फुगलेला. तिला मिशेलिनचे टीआरएक्स टायर, पुढे ३४० मिमीच्या आणि मागे ३६५ मिमीच्या रिमवर. इंचात न बसणारं रिम दिसलं की ती मूळ चाकांवर आहे.

---

गंजशोधक

काचेच्या खुणांबद्दल. कोपऱ्यातल्या शिक्क्यात काच बनवणाऱ्याचं नाव, मंजुरीची खूण आणि एक सुटा आकडा असतो. तो सहसा सालाचा शेवटचा आकडा. त्याच्या आजूबाजूचे ठिपके महिना किंवा तिमाही सांगतात, पण ठिपके मोजायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. म्हणून महिन्याच्या मागे लागू नका, सालाचा आकडा पुरे. ७ म्हणजे १९७७ की १९८७ हे गाडीच्या पिढीवरून ठरतं.

काचेचं साल गाडीच्या सालाइतकं किंवा थोडं आधीचं असावं. गाडी १९८६ ची आणि काचांवर ५ किंवा ६, तर ठीक. पुढची काच वेगळी असली तरी चालतं, दगड लागून ती बदलली जाते. पण एका बाजूची दाराची काच आणि मागची तिरकी काच दोन्ही नव्या असतील तर त्या बाजूने धडक बसलेली असण्याची शक्यता धरा आणि त्याच बाजूचा पत्रा, दारांमधली फट आणि रंगाचा पोत नीट पाहा.

सीट बेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख छापलेली असते. प्लॅस्टिकच्या भागांच्या आतल्या बाजूला घड्याळासारखी गोल खूण असते, तिच्यातला बाण महिना दाखवतो आणि मधे साल. मूळ गाडीत हे सगळे आकडे काही महिन्यांच्या अंतरात येतात. डॅशबोर्ड १९८४ चा, बेल्ट १९८८ चे आणि मागचं दार १९८१ चं अशी भेळ सापडली तर दोन-तीन गाड्या मिळून ती एक झाली आहे.

टायरवर डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. तो शोभेचा, धावायचा नव्हे, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

---

पाचवा_गिअर

सजवलेल्या गाड्यांत सर्वाधिक सापडणाऱ्या तीन नावांबद्दल.

लान्सिया डेल्टा इंतेग्राले. पहिल्या गोल्फप्रमाणे ही रेषाही डिझायनर जुजारोंचीच. १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं रॅलीचं जागतिक उत्पादक अजिंक्यपद लान्सियाकडे होतं, त्यामुळे साध्या डेल्टाला रुंद कमानी लावायचा मोह होतो. १९८७ ची आठ व्हॉल्व्हची १८५ पीएस, १९८९ ची सोळा व्हॉल्व्हची २०० पीएस, १९९१ ची एव्होल्युझिओने २१० पीएस. दुरून ओळखायची खूण: सोळा व्हॉल्व्हच्या बॉनेटला मधे ठळक फुगवटा. एव्होल्युझिओनेच्या चाकाला पाच बोल्ट, आधीच्यांना चार, आणि मागच्या काचेवर कोन बदलता येणारा स्पॉयलर. चार बोल्टची 'एव्हो' ही एव्हो नव्हे. आठ व्हॉल्व्हमध्ये ताकदीची वाटणी पुढे ५६ आणि मागे ४४ टक्के होती, सोळामध्ये ती ४७ आणि ५३ झाली. वळणात पुढचं टोक बाहेर पळायची तक्रार त्याने कमी झाली. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात रंगाखाली फोड दिसला तर आत गंज खूप पुढे गेलेला असतो. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदला. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं.

रेनॉ क्लिओ विल्यम्स. १९९३, निळा रंग, सोनेरी स्पीडलाइन चाकं. क्लिओ १६ व्हॉल्व्हला निळा रंग आणि सोनेरी चाकं दिली की लांबून फरक कळत नाही. इंजिनाच्या पाटीवर एफ७आर हवं, १९९८ सीसी, १५० पीएस. एफ७पी असेल तर ती १७६४ सीसीची १६ व्हॉल्व्ह. पुढच्या दोन चाकांतलं अंतरही विल्यम्समध्ये जास्त आहे. पहिल्या मालिकेच्या गाड्यांना डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी होती. तिच्यामुळे ती मर्यादित मानून लोकांनी घेतली आणि नंतर कंपनीने आणखी दोन मालिका काढल्या, हा राग जुन्या मालकांत आजही आहे.

होंडा सिव्हिक टाइप आर, ईके९. १९९७, बी१६बी इंजिन, १५९५ सीसी, ८,२०० आरपीएमला १८५ पीएस, तेही टर्बोशिवाय. हिचं सोंग घेते ईके४, जिच्यात बी१६ए आहे. बोल्ट मोजा: ईके९ ला पाच, ईके४ ला चार. मग चासिस नंबर ईके९ ने सुरू होतो का ते पाहा. लाल बॅज आणि रेकारो सीट यांना पुरावा मानू नका.

फोर्डकडे थोडक्यात: पहिली फिएस्टा एक्सआर२ ओळखू येते तिच्या मोठ्या गोल हेडलाइटवरून, साध्या फिएस्टाला चौकोनी. पहिल्या मालिकेची एस्कॉर्ट आरएस टर्बो जवळजवळ नेहमी पांढरीच. फोर्डच्या सीव्हीएच इंजिनांचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेलाच्या गाळाने तुंबतो आणि व्हॉल्व्हची सीलं कडक होतात. सकाळी सुरू करताना निळा धूर आला आणि मग थांबला तर सीलं, सतत येत राहिला तर रिंगा.

ओपेल कादेत जीएसआय १६व्ही, ब्रिटनमधली अॅस्ट्रा जीटीई १६व्ही, हिच्या सी२०एक्सई इंजिनाचं हेड पाहा. 'कॉसकास्ट' असा ठसा असेल तर निर्धास्त. नंतरच्या दुसऱ्या हेडची धातू सच्छिद्र निघते, आणि तेल पाण्यात मिसळतं. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत तपकिरी साय दिसली तर गॅसकेट बदलूनही ती जाणार नाही.

---

काळा_बंपर

बोल्ट मोजायची युक्ती लांबून फोटोवरही चालेल, हे उत्तम. शेवटचं एक. २०५ बद्दल 'वळणात पाय काढला की गाडी मागून फिरते' असं ऐकायला येतं. हे डिझाइनमध्येच आहे की झिजल्यामुळे?

---

टॉर्शनबार

थोडं डिझाइन, बरंच देखभालीचं.

गाडी १.९ मध्येही ८८० किलोच्या आसपास आणि इंजिनाचा सगळा भार पुढे. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की वजन आणखी पुढे सरकतं, मागच्या टायरवरचा दाब घटतो आणि मागचा भाग बाहेर सरकतो. आतलं मागचं चाक हवेत उचललेलं फोटोत दिसतं ते याच गाड्यांचं. सगळ्या हलक्या फ्रंट-व्हील गाड्यांत ही वृत्ती असते, २०५ मध्ये ती जास्त तीक्ष्ण आहे. उपाय चालवण्यात: ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, आत शिरताना पाय हलका पण स्थिर, बाहेर पडताना दाब वाढवायचा. मागचा भाग सरकलाच तर पूर्ण पाय काढणं हीच चूक. थोडा गॅस द्या आणि स्टिअरिंग त्या दिशेला वळवा.

पण ज्या गाड्या फारच बेभरवशाच्या वाटतात त्यांत जवळजवळ नेहमी तीनपैकी एक गोष्ट सापडते. मागे जुने कडक झालेले टायर आणि पुढे नवे. मागचा अॅक्सल ज्या चार रबरी बुशांवर बसतो ते फाटलेले, त्यामुळे आख्खा अॅक्सलच वळणात तिरका होतो. किंवा दोन्ही बाजूंचे टॉर्शन बार वेगवेगळ्या दातांवर बसवलेले, म्हणजे एका बाजूला वळताना ठीक आणि दुसरीकडे घसरगुंडी. चांगले टायर जोडीने घ्यायचे आणि मागे लावायचे. मूळ माप १.६ साठी १८५/६० आर१४, १.९ साठी १८५/५५ आर१५.

स्वभाव शांत हवा असेल तर पेजो ३०९ जीटीआय पाहा. तेच १.९ इंजिन, तेच १३० पीएस, दोन्ही अॅक्सलमधलं अंतर जास्त, म्हणून मागचा भाग उशिरा आणि सावकाश सुटतो. दिसायला २०५ इतकी देखणी नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं, आणि त्यामुळेच भंगारात जास्त गेल्या. मागच्या अॅक्सलचं दुखणं मात्र तिच्यातही हेच, तपासायची पद्धतही हीच.

---

गंजशोधक

फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती. घराबाहेर उभ्या असलेल्या गाडीचा नंबर, चासिस नंबराची पाटी आणि रस्त्याची ओळख पटेल अशी पाटी झाकूनच टाका. ९० च्या दशकात या गाड्या चोरीमुळे मोठ्या संख्येने संपल्या. पहिल्या पिढ्यांत इमोबिलायझर नव्हता आणि कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने उघडायचं. ती कुलपं आजही तीच आहेत. फोटो काढताना पुढचा-मागचा तीनचतुर्थांश कोन, चाकाची फट, मागचा दिवा आणि काचेचा कोपरा एवढं घ्या. वर लिहिलेलं जवळजवळ सगळं त्यावरून पडताळता येतं.